निळ्या पाण्यातला निवाडा

जुन्या गोदामाचा हॉल खच्चून भरला होता, पण आवाज म्हणून नव्हता. पुढे टेबलावर काचेची बरणी, तीत निळंशार पाणी, आणि बरणीमागे निळेबाबा. बाईच्या बोटाला सुई टोचली जायची, थेंब पाण्यात पडायचा आणि सगळा हॉल श्वास रोखून बघायचा. थेंब बुडाला तर घराण्याचा रोग तिला शिवणार नाही. तरंगला तर तो तिच्या रक्तात दबा धरून बसलेला.

थोरलीचा थेंब तरंगला.

"आईचं रक्त हिच्या वाट्याला आलं," बाबा डोळे मिटून म्हणाले. "मी काही सांगत नाही, बायांनो. रक्त बोलतं, मी नुसता ऐकतो." रक्ताला बोलायला माइक मात्र लागत होता.

मागे धाकटी उभी होती. जुळी बहीण, काही मिनिटांनीच लहान. तिचा थेंब सरळ तळाला गेला. तिनं बहिणीचा हात घट्ट धरला, पण तिच्या चेहऱ्यावरची सुटका थोरलीला दिसायची ती दिसलीच.

आधी मावशी आणि मग आई, दोघीही स्तनाच्या कॅन्सरनं गेल्या होत्या. आईच्या आजारात हॉस्पिटलला तिच्या रक्तात एक बिघडलेलं जनुक सापडलं होतं, आणि मुलींनीही तपासून घ्यावं असं तेव्हाच बजावलं होतं. दोघींनी ते कानाआड केलं होतं. आता भ्यालेल्या थोरलीनं दोन्ही डगरींवर हात ठेवला. हॉस्पिटलात रक्त देऊन आली आणि बाबांनी दिलेली काळपट पूडही नेमानं घेऊ लागली.

पुडीनं अंगात तरतरी आली. पुढच्या खेपेला थेंब बुडाला. "शाप धुतला गेला," बाबा म्हणाले, आणि अनोळखी बायका तिला मिठी मारून रडल्या.

त्यामुळे हॉस्पिटलचा निकाल घ्यायला ती केवळ उरकून टाकायचं म्हणून गेली. तिथल्या जनुकीय समुपदेशक बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. "आईत होता तोच बिघाड तुमच्यात आहे," त्या म्हणाल्या.

"पण मी मोकळी झालेय." थोरलीनं थेंब, पूड, बहिणीची सुटका, सगळं सांगितलं. बाईंनी ते ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही दोघी दिसायला कशा?"

"सारख्याच. आईसुद्धा पाठमोऱ्या ओळखायची नाही. एकाच गर्भाच्या दोन झाल्या, असं डॉक्टर म्हणाले होते."

"मग नीट ऐका. अशा जुळ्यांची जनुकं एकच असतात. तुमच्यात आहे ते तिच्यातही असणार. तुम्ही घाबरून इथं आलात तरी. ती निर्धास्त घरी बसलीय."

थोरली तशीच उठून बहिणीकडे निघाली. इतके दिवस ती फक्त स्वतःसाठी भीत होती.

धाकटी ऐकेना. "तुझ्यात निघालं म्हणून माझ्यातही हवंच का?" असं म्हणाली. ते बोलणं तिचं तिलाच लागलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ती मुकाट बहिणीबरोबर आली.

बाई दोघींना रक्तपेढीत घेऊन गेल्या. टेबलावर तसलंच निळं पाणी बघून धाकटी दारातच थबकली.

"मोरचुदाचं पाणी आहे," तंत्रज्ञ म्हणाला. "रक्त द्यायला आलेल्याच्या अंगात पुरेसं रक्त आहे का, ते बघायची जुनी पद्धत. रक्त कसदार असलं की थेंब बुडतो. लोह कमी असलं की हलका होऊन तरंगतो. कॅन्सर त्यात दिसत नाही."

थोरलीनं पुडी पुढे केली. तपासल्यावर ती लोहाचीच निघाली. पाळीत थोरलीच्या अंगावरून फार जायचं, त्यानं रक्त उणावलं होतं. पुडीनं ते भरून आलं. बाबांचा चमत्कार एवढाच.

धाकटीला तरी पटेना. तेव्हा बाईंनी बरोबर आणलेली, वॉर्डातली एक पेशंट पुढे झाली. तिच्यात असंच बिघडलेलं जनुक होतं, आणि कॅन्सरही.

"माझा थेंब टाका," ती म्हणाली.

थेंब तळाला गेला.

"बघ पोरी. तुझ्या बाबाच्या हिशेबानं मी ठणठणीत आहे."

धाकटीनं खुर्ची ओढली आणि ती बसली. त्याच दिवशी तिनं तपासणीला रक्त दिलं.

बाई म्हणाल्या तसंच निघालं. पुढच्या तपासणीत तिच्या छातीत मसुरीएवढी गाठ सापडली, बोटांना लागलीही नसती अशी. लवकर सापडली म्हणून शस्त्रक्रियेवर निभावलं. थोरलीच्या छातीत काही नव्हतं. जनुक असलं म्हणजे रोग होतोच असं नाही, पण डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी लागते, हे बाईंनी दोघींना समजावलं. "आता मावशीच्या मुलांना सांगा," त्या म्हणाल्या. "मुलग्यांनाही. हा बिघाड बापाकडूनही उतरतो."

मावसबहीण घरी नव्हती. ती गोदामातल्या रांगेत सापडली, टेबलापासून हाताच्या अंतरावर. धाकटी अजून एका बाजूनं अंग चोरून चालत होती. सेवेकऱ्यांनी अडवलं, तशी तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं तिथूनच सांगितलं, मोरचूद काय, पूड कसली, आणि बुडालेल्या थेंबानंतर आपल्या छातीतून काय काढलं ते.

"श्रद्धा नसली की असंच होतं," बाबा म्हणाले.

"श्रद्धा होती," धाकटी म्हणाली. "म्हणूनच उशीर होत होता."

मावसबहिणीचं बोट अजून पुढेच होतं. "मग माझ्यात काय आहे?" तिनं विचारलं.

"मला माहीत नाही. यांनाही नाही. हे लपवतात, एवढाच फरक." धाकटीनं रांगेकडे पाहिलं. "बायांनो, भीती वाटणं चूक नाही. पण जिथं कळू शकतं तिथं जा. विचारा, तपासून घ्या, आणि उत्तर वाईट आलं तरी ते खरं असू द्या. खऱ्यावर इलाज करता येतो."