थोडं आहे अजून त्यात

छोटीने ताईवर सूड उगवला आणि तो चांगला अडीच मजले पुरला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आता असं धरून चालू की काहीच घडलं नाही. घरात तसंच ठरलंय.

तर छोटीचा आवाज. गाण्याचा नव्हे, गाताना ती दाराच्या बिजागरीसारखी वाजते. पण तिने 'कृपया रांगेत उभे राहा' म्हटलं की रांग नसतानाही माणसं एकामागे एक उभी राहतात. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीला घोषणांसाठी असाच आवाज हवा होता. चाचणी फोनवर, दुपारी. छोटी चपलांच्या दुकानात कामाला. बोलायला निवांत जागा एकच, मागचं गोदाम, आणि तिथे प्लग नाही. फोन म्हातारा, दुपारपर्यंत धापा टाकायचा. म्हणून तिने पॉवर बँक गळ्यापर्यंत भरून ठेवली होती. सकाळी थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, ती हातात ठेवली आणि म्हणाली, "रात्री जरा घेतली होती गं. थोडं आहे अजून त्यात."

काडीचंही नव्हतं. "कृपया दरवाज्यापासून..." एवढं म्हणून छोटीचा फोन गतप्राण झाला. दूर कुणी उभं राहायचं, ते कंपनीला कळलंच नाही.

आवाज दुसऱ्याच कुणा बाईचा निवडला गेला. पुढे इमारतीत नवी लिफ्ट बसली, ती नेमकी त्याच कंपनीची. आता रोज जाता-येता ती बाई छोटीला दरवाज्यापासून दूर उभं राहायला सांगते. नाकातून.

"माणसाने किती मनाला लावून घ्यावं!" ताई म्हणाली. "एक आवाज तर होता."

ताईचं हे ऐकलं त्याच संध्याकाळी छोटी मोबाईलच्या दुकानात गेली. दुकानदार काकांना वाटलं, गिऱ्हाईक आलं. सूड आला होता.

"खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका," काका म्हणाले. "लिहितात तेवढं फोनच्या पोटात जात नाही, वाटेत सांडतं. हातात घेऊन बघा. फुलासारखी हलकी लागली तर समजा, थापाडी आहे. उन्हात ठेवायची नाही, फुगली तर वापरायची नाही, पडून राहणार असेल तर अर्धी भरून ठेवायची."

"ती कोपऱ्यातली?"

"ती परत आलीय. दोन्ही टोकं सारखी असलेली वायर लावली की उलटीच चालते. फोनला पाजायचं सोडून फोनचंच पिते."

छोटीचे डोळे भरून आले. "काका, हीच द्या."

"अहो, खराब आहे ती!"

"माणसं काय कमी खराब असतात? बांधा."

मग सुरू झालं संगोपन. छोटीने तिला मऊ पिशवी शिवली, तोंडातली धूळ कोरड्या ब्रशने काढली, खिडकीतलं ऊन सरकलं की तिलाही सरकवलं. आईने तर विचारलंच, "माझ्या गुडघ्यांकडे कधी बघशील?" फक्त चार्ज तेवढा छोटी करत नव्हती. पिणारा तहानलेलाच हवा. आणि दिवसातून एकदा, ताईला ऐकू जाईल असं म्हणायची, "माझ्या नव्या पॉवर बँकेला कुणी हात लावायचा नाही!"

ताईला एवढं पुरे होतं. बाहेरगावी गेलेल्या साहेबांना वाटेतूनच फोन करून बढतीचं विचारायचं होतं, त्या सकाळी तिने पिशवीतून पॉवर बँक काढली, तिथेच ठेवलेल्या सारख्या टोकांच्या वायरने फोन जोडला, दोघांना पर्समध्ये कोंबलं आणि अंघोळीला गेली. ताईची अंघोळ म्हणजे टाकी रिकामी होईस्तोवर. नंतर चहा. पर्समध्ये कोण कुणाला पाजतंय, ते एकटी छोटी जाणून होती.

सूड घ्यायचा आणि चेहरा बघायचा नाही, म्हणजे जेवण वाढून उठण्यासारखं. ताई निघाली तशी छोटीही स्वतःचा फोन घरी भिंतीला लटकता सोडून, घरातल्याच चपलांवर तिच्यामागे सहाव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरली.

"तू कुठे?"

"हवा खायला."

चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टने आचका दिला आणि थांबली. "कृपया दरवाज्यापासून दूर उभे राहा," नाकातली बाई म्हणाली. धोक्याची घंटा दाबून झाली, पण ती इमारतीतली पोरं रोजच वाजवतात. ताईने पर्स उघडली. फोन काळाठिक्कर. पॉवर बँकेवर एक हिरवा दिवा, नुकतंच जेवल्यासारखा.

"छोटे, ही उलटी चालते का गं?"

"थोडं आहे अजून त्यात," छोटी म्हणाली. या एका वाक्यासाठी तिने किती ब्रश झिजवले होते! मग तिच्या लक्षात आलं की आपणही आतच आहोत.

शेवटी तिनेच फटीला तोंड लावलं आणि पोटातून आवाज काढला. "कृपया लक्ष द्या. या लिफ्टमध्ये दोन व्यक्ती अडकल्या आहेत." काय आवाज लागला होता! वरून पावलं आली, थांबली. एक आजोबा कुणाला तरी म्हणाले, "बघा, नवीन घोषणा घातली. आता कसं स्पष्ट ऐकू येतं." आणि पावलं जिन्याने निघून गेली.

ताई मटकन खाली बसली. हसायला लागली ती थांबेना. "मेले, तुलाच घ्यायला हवं होतं गं त्यांनी!"

छोटीला रडू आलं, आणि रडणं काही घोषणेसारखं वाटत नाही, त्यामुळे वॉचमन धावत आला.

ताईला तिने माफ केलं नाही. नुसती यादीत खाली सरकवली. त्याच दिवशी कंपनीला अर्ज गेला:

'तरी विनंती की, सदर लिफ्ट पुन्हा एकदा, आवाज निवडणारे सर्व सन्माननीय सदस्य आत असताना, तिसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या मधोमध थांबवण्यात यावी. सूचना देण्यास अर्जदार बाहेरून हजर राहील. सदस्यांच्या फोनसाठी पॉवर बँकही अर्जदार स्वतः पुरवेल.'