चार म्हणजे तेरा

हसनच्या पत्राला महिपतने उत्तर दिलं नव्हतं. पत्र कुवेतहून गणपतीच्या आधी आलं होतं, आणि आता आंब्याला मोहोर लागला होता. महाडच्या वाचनालयात पुस्तकं देता-घेता महिपतला रोज एकदा तरी ते पत्र आठवे, आणि आठवलं की तो उगीचच कपाटाची काच पुसायला घेई.

हसन त्याचा शाळेपासूनचा मित्र. तो नोकरीला गेला तेव्हा त्याची लेक आसिया बायकोच्या, सलमाच्या, पोटात होती. पत्रात त्याने लिहिलं होतं, ‘पोरगी माझ्यासारखी हसते म्हणे. एवढं एक पाहू दे मला. स्टुडिओत नेऊ नकोस, तिथे सगळी मुलं दवाखान्यात आल्यासारखी दिसतात. आमच्या ओटीवर काढ, हसताना. तुझ्या कॅमेऱ्याला अंतराचा अंदाज लागत नाही म्हणतोस ना, म्हणून हे यंत्र पाठवतो आहे.’

यंत्र म्हणजे आगपेटीपेक्षा जरा लांबट अशी धातूची डबी. रेंजफाइंडर. महिपतच्या जुन्या घडीच्या कॅमेऱ्यावर एक खाच होती, तिच्यात ते सरकवायचं. त्याच्या भोकातून पाहिलं की समोरचा माणूस दोनदा दिसे. कडेचं चाक फिरवत दोघांचा एक करायचा, चाकावरचा अंतराचा आकडा वाचायचा आणि कॅमेऱ्याच्या भिंगाचं कडं त्या आकड्यावर आणायचं. महिपतने वाचनालयातलं फोटोग्राफीचं पुस्तक काढून हे दोनदा वाचून घेतलं, पोलादपूरची एस्टी धरली आणि हसनच्या ओटीवर, कडेच्या केळीपाशी, आसियाचा अख्खा रोल काढला.

रोल धुऊन आला तेव्हा त्यात नुसतं धुकं होतं.

“भाऊ, ह्यात पोरगी कंची आन केळ कंची?” सलमाने फोटो उलटासुलटा करत विचारलं.

“डावीकडची... नाही, उजवीकडची असावी,” महिपत म्हणाला, आणि त्याचे कान तापले.

“हात हलतो तुमचा,” स्टुडिओवाल्याने निकाल दिला. महिपतला ते लगेच पटलं. आपल्या हातून काही नीट होईल हेच त्याला कधी खरं वाटत नसे. दुसऱ्या वेळी त्याने कॅमेरा स्टुलाला सुतळीने बांधला, श्वास रोखला, आणि पुन्हा धुकंच घेऊन आला. आता हसनला काय लिहायचं? ‘तुझं यंत्र उत्तम आहे, मीच नालायक आहे’? असं लिहून पाहिलं, फाडलं. परत लिहिलं, परत फाडलं.

सलमा बाजाराला महाडला आली की वाचनालयाच्या पायरीशी थांबे. “ते विचारतात, महिपत आजारी हाय का? मी काय सांगू? पोरीला दात आले भाऊ. चालायला लागली. बापाला तिचं बोळकं बघायचं राहिलंच. आता निदान चार दात तरी बघू दे. पुढल्या साली येतील तेव्हा ती त्यांना ‘कोण तुम्ही’ म्हणून विचारील.”

ती हसतच बोलली होती, पण महिपतचं त्या दिवशी जेवणात लक्ष लागलं नाही.

मग एकदा पुस्तकांच्या बांधणीला कापड हवं म्हणून तो बाजारपेठेत चंदूशेठच्या दुकानी गेला. ते यंत्र त्याच्या पिशवीतच असे. घरी ठेवलं तर हरवेल, अशी त्याला धास्ती. शेठ कापड फाडणार, एवढ्यात घाटावरच्या कुडपण गावची चंपाबाई डोक्यावर गाठोडं घेऊन आत शिरली आणि तिने एक हिरवं लुगडं गादीवर आपटलं.

“शेठ, हे नऊवारी का काय?”

“नऊवारीच ती, चंपाबाई.”

“मंग भरत का नाय? आमच्या शिंप्यानं चारचौघांसमोर मोजलं. आठ, आन वर येवढंसं! माझं वारभर लुगडं खाल्लंस तू.”

“कशानं मोजलं त्यानं?”

“नव्या टेपनं. सरकारी हाय ती, लबाडी नाय करायची.”

“अगो बाय, ती टेप मीटरची! मीटर मोठा, वार लहान. लुगडं तेवढंच राहतं, आकडा बदलतो.”

“आकडा कसा बदलंल रे? नऊ म्हणजे नऊ! कुडपणात आठ आन म्हाडात नऊ?”

“घाट चढताना आटलं असंल,” बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, आणि दुकानभर हशा पिकला.

महिपत तेवढा हसला नाही. तो कापडाकडे बघत उभा होता. मग चोरी पकडल्यासारख्या आवाजात म्हणाला, “शेठ, तुमची मीटरपट्टी... जरा मिळेल?”

“घ्या की. तुम्हाला पण लुगडं मोजायचंय का, महिपतराव?”

महिपतने पिशवीतून यंत्र काढलं आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळ्याला लावलं. “चंपाबाई, जरा तशाच उभ्या राहा.”

“मला कशाला धरतोस भाऊ? लबाडी त्यानं केली!”

भोकातून दोन चंपाबाया कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे रागाने बघत होत्या. चाक फिरलं, दोघी एकमेकींत शिरल्या. आकडा चार. महिपत गुडघ्यांवर बसला आणि आपल्या पायापासून तिच्या पायापर्यंत पट्टी टाकत गेला. चौथी पट्टी तिच्या अंगठ्याला टेकली.

“आता हा जमीन मोजतोय!” चंपाबाई ओरडली.

महिपतने यंत्र उलटं केलं. चाकाशी बारीक एम कोरला होता. तो कारखानदाराच्या नावातला असेल, असं धरून त्याने सोडून दिला होता. कॅमेऱ्याच्या भिंगावर मात्र फूट होते. चार मीटर म्हणजे तेरा फूट. पोरगी तेरा फुटांवर हसत होती आणि भिंग चार फुटांवरची हवा बघत होतं. हात हलला नव्हता. कधीच हलला नव्हता!

तिकडे शेठने माळ्यावरून जुना वाराचा गज काढून लुगडं नऊ भरून दाखवलं. “मंग आधीच ह्यानं मोजायचं ना,” म्हणत चंपाबाईने ते गाठोड्यात घातलं. कापड न घेताच निघालेल्या महिपतला शेठने दोनदा हाक मारली.

दुसऱ्या दिवशी पोलादपूरला सलमाने विचारलं, “आज केळ का पोरगी?”

“पोरगी,” महिपत म्हणाला, आणि आपल्याच ठामपणाने दचकला.

यंत्राने तीन म्हटलं, त्याने भिंगावर दहा लावले. आसिया मात्र गंभीर. गाल फुगवून बघत बसली. सलमाने टाळ्या वाजवल्या, खुळखुळा हलवला, काही उपयोग नाही. महिपत चांगल्या उजेडासाठी जरा मागे सरकला आणि त्याचं धोतर तुळशीएवढ्या कोरफडीच्या काट्यांत अडकलं. ते सोडवायला तो एका पायावर नाचू लागला तशी पोरगी खदखदून हसली.

“भाऊ, काढा! आता काढा!”

“अंतर बदललं गो!” महिपत कळवळला. तसाच एका पायावर उभा राहून त्याने चाक फिरवलं, दोन आसियांची एक केली, आकड्याचे फूट केले आणि खटका दाबला.

फोटोत चारही दात दिसत होते. स्टुडिओवाल्याने तो खिडकीशी नेऊन पाहिला आणि म्हणाला, “हात बसला की तुमचा.” महिपतने वाद घातला नाही.

उत्तर लिहायला बसला तेव्हा आधी मीटर आणि फुटांचीच दोन पानं झाली. ती त्याने बाजूला ठेवली. नव्या कागदावर लिहिलं, ‘हसन, उशीर झाला. सलमा म्हणते ते खरं आहे, पोरगी तुझ्यासारखीच हसते. मी एका पायावर उभा होतो, त्याला हसते आहे. तूही हसून घे.’

पोस्टाच्या पेटीपाशी मात्र त्याला शंका आली. फोटो आत घातला ना आपण? त्याने पाकीट उन्हात धरून पाहिलं.

“महिपतराव,” टपाल गोळा करायला आलेला पांडू म्हणाला, “पत्र वाळत घातलंय का? टाका आता, गाडी सुटंल.”

महिपतने पत्र टाकलं.