पुढचं वळण बाई सांगतील

“आणि मंडळी, पेट्रोल पंप मागे टाकला की आपण उजवीकडे वळणार आहोत. उजवीकडे,” बाई माइकवर म्हणाल्या आणि बस वळेपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला.

बस वळली. मागून कुणीतरी ओरडलं, “बाईंची बॅटरी काही उतरत नाही बुवा!” सगळे हसले. बाईही हसल्या.

किनाऱ्यावरची गावं आणि त्यांच्या मधलं राष्ट्रीय उद्यान दाखवणाऱ्या या सहलीवर बाई गाइड होत्या आणि बस चालवायचे दादा. जोडी इतकी जुनी की नवे प्रवासी त्यांना नवरा-बायको समजत आणि दादांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, फोन आला की गोंधळून जात. पूर्वी बाई मोजकंच बोलायच्या. दीपगृह आलं, बोटी बांधायचा कारखाना आला, की तेवढ्यापुरतं. मधल्या वेळात चक्क पेंगायच्या. पण गेल्या वर्षभरात त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला होता तो सुटलाच होता. कुठल्या चौकातून सरळ जायचं, कुठली पाटी आली की डावीकडे, सगळं त्या माइकवर सांगत. प्रवासी खूश, ऑफिस खूश. बाई हे प्रवाशांना सांगतच नाहीत, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दादांना रस्ता आठवेनासा झाला होता.

हात अजून पक्के होते. घाटातून बस अशी उतरवायचे की झोपलेल्या माणसाची मानही हलू नये. फक्त चौक आला की नजर भिरभिरायची. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा बाई तडक वहिनींकडे गेल्या होत्या. वहिनींनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि बाईंचे हात धरले. “निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत हो. आत्ता गाडी काढून घेतली तर हे घरात बसून खचतील. तुम्ही असता ना शेजारी? घ्या ना सांभाळून.” आणि त्या रडायलाच लागल्या. बाईंना नाही म्हणवलं नाही.

तेव्हापासून बाई पांघरूण घालत होत्या. सहल सुखरूप पार पडली की त्या स्वतःला बजावायच्या, आता ऑफिसात सांगून टाकायचं. आणि पुढच्या सहलीला पुन्हा निमूटपणे पहिल्या सीटवर जाऊन बसायच्या.

आज सकाळी मात्र त्यांनी धसकाच घेतला होता. हॉटेलच्या आवारात बसची काच पुसता पुसता दादांनी सहज विचारलं होतं, “बाळाचा ताप उतरला का?”

बाईंचा एकुलता एक मुलगा आता त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होता आणि दुसऱ्या शहरात नोकरीला होता.

“उतरला,” बाई म्हणाल्या.

“जपा हो. लहान आहे अजून. लागली तर सुट्टी मागून घ्या,” असं म्हणून दादा निवांतपणे दुसरी काच पुसू लागले.

आजवर दादा रस्ता विसरत होते, आज साल विसरले होते. बाईंनी बाजूला जाऊन ऑफिसला फोन लावला. पलीकडून “बोला” असं आलं. “काही नाही, निघतोय,” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

दुपारी बस उद्यानात शिरली तेव्हा समुद्रावरून आलेलं धुकं झाडांत बसलं होतं. उद्यानाच्या मध्यावर रस्त्याला फाटा होता. डावीकडचा नवा रस्ता पुलावरून पुढच्या गावाला जायचा. उजवीकडचा जुना, कड्याच्या काठाकाठाने जाणारा. तो कडा बऱ्याच वर्षांपूर्वी एका वादळात रस्त्यासकट समुद्रात कोसळला होता. फाट्यावर अडसर होता, पण जंगलातलं लाकूड नेणाऱ्यांनी तो कधीतरी बाजूला सारला होता आणि परत लावायचं कुणाला सुचलं नव्हतं.

नेमके त्याच वेळी चष्मेवाले काका उठून पुढे आले. “बाई, हरणं दिसतील म्हणाला होतात. अजून एक शेपूटसुद्धा दिसलं नाही!”

बाई मागे वळल्या. “काका, तुम्ही येणार हे त्यांना कळवायचं राहिलं बघा,” त्या म्हणाल्या. बसमध्ये हशा पिकला. काका ऐकणाऱ्यातले नव्हते, ते मागच्या वर्षी दुसऱ्या जंगलात पाहिलेल्या अस्वलाची गोष्ट सांगू लागले. गोष्टीतलं अस्वल झाडावर चढलं आणि इकडे फांद्या बसच्या काचांवर खरखरू लागल्या.

बाईंनी झटकन समोर पाहिलं. डांबरावर गुडघाभर गवत होतं. उजव्या बाजूची झाडं संपली होती, तिथे नुसतं पांढरं धुकं होतं आणि खालून लाटांचा आवाज येत होता. दादा स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते.

बाईंना ओरडावंसं वाटलं, पण दचकून दादांनी स्टिअरिंग फिरवलं असतं तर? दादा ज्या सालात होते, त्या सालात हा रस्ता धडधाकट होता. बाईंनी माइक तोंडाशी धरला. आवाज त्यांनी नेहमीसारखाच ठेवला.

“मंडळी, आता आपला समुद्र बघायचा पॉइंट आला. दादा गाडी डावीकडे घेऊन थांबवतील.”

“एवढ्यात?” दादा म्हणाले. “मला वाटलं पुढे आहे.”

“इथेच आहे, दादा.”

दादांनी आरशात पाहिलं, गाडी डाव्या अंगाला घेतली, थांबवली, हँडब्रेक ओढला. सगळं नेहमीच्या शिस्तीत.

“कुणीही उतरू नका,” असं प्रवाशांना सांगून बाई दादांच्या मागोमाग खाली उतरल्या. पुढे आणखी एक बस जेमतेम उभी राहील एवढाच रस्ता होता. मग डांबर तुटलं होतं. दादा काठाकडे निघाले तसा बाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला. दोघं तिथेच उभी राहिली.

“रस्ता होता इथे,” दादा म्हणाले.

“पडला, दादा. माझा मुलगा शाळेत होता तेव्हा.”

दादांनी वळून त्यांच्या पिकलेल्या केसांकडे पाहिलं. मग मागे बसकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

“फाट्यावर तुम्ही काही बोलला नाहीत.”

“नाही. माझं लक्ष नव्हतं.”

“म्हणजे एरवी ते बोलणं माझ्यासाठी असायचं,” दादा म्हणाले. “आणि मी घरी सांगत होतो, बाई म्हातारपणी फार बडबड्या झाल्यात. किती दिवस चाललंय हे?”

“वर्ष झालं.”

आता दादा रडतील असं बाईंना वाटलं. दादा भडकले. “आणि मला सांगितलं नाहीत?”

“वहिनी म्हणाल्या...”

“ती बसते का गाडीत? मागे लेकुरवाळी माणसं आहेत, बाई! माझ्या भरवशावर डोळे मिटून झोपतात ती!”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं, दादा.”

“वाटलं असतं! मग?”

ज्याला बाई वर्षभर माया समजत होत्या, त्या मायेनेच आज बस इथवर आणली होती. इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

दादा बसमध्ये चढले. इतक्या वर्षांत कधी हातात न घेतलेला माइक त्यांनी उचलला. “मंडळी, रस्ता चुकलाय. चूक माझी आहे. मागच्या दाराने सावकाश उतरा आणि फाट्यापर्यंत चालत जा. दुसरी गाडी येईल. मी यापुढे चालवणार नाही.” सगळ्यात आधी काका उठले. माणसं लेकरांचे हात धरून गवतातून माघारी निघाली. बाईंनी ऑफिसला फोन लावला आणि या वेळी सगळं सांगितलं, स्वतःचंसुद्धा.

फोन संपला तेव्हा दादा रिकाम्या बसच्या पायरीवर बसले होते. हातात किल्ल्यांचा जुडगा होता.

“हा ऑफिसात द्या. माझ्या घराची तेवढी काढून घेतो.”

त्यांनी जुडगा तळहातावर पसरला. डिकीची, हत्यारांच्या पेटीची, ऑफिसातल्या कपाटाची, बऱ्याच किल्ल्या होत्या. घराची कुठली ते बाईंना माहीत होतं, गोल डोक्याची पितळी. त्यांनी तोंड उघडलं.

“थांबा,” दादा म्हणाले. “सांगू नका.”

दादा एकेक किल्ली उलटसुलट करून पाहत होते. पितळी किल्ली त्यांच्या बोटांतून दोनदा पुढे सरकली.