समुद्रातली गल्ली

आमची गल्ली इतकी वळणावळणाची, की भरभर चालणाऱ्याला पुढच्या वळणावर स्वतःचीच पाठ दिसते. मी एकदा माझ्या पाठीला हाकसुद्धा मारली होती. खोटं वाटलं तर आमच्या हिला विचारू नका; ती माझं काहीच खरं मानत नाही.

पण ही गल्ली कुठल्याच नकाशात नव्हती, ही मात्र थाप नव्हे. शेजारच्या काकांच्या छातीत कळ आली, तेव्हा रुग्णवाहिका पलीकडच्या रस्त्यावरच घुटमळत राहिली. ड्रायव्हरच्या पडद्यावर आमच्या जागी नुसतं कोरं. शेवटी काकांना खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागलं. काका वाचले. पण त्याच आठवड्यात आमच्या हिने शिलाई मशीनवर झाकण घातलं आणि पालिकेच्या जीआयएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करण्याच्या, वर्गात नाव नोंदवलं. वर्गात केलेला नकाशा चाचणीत उतरला, तर रुग्णवाहिकेच्या पडद्यावर जाणार होता.

"या वयात नकाशे?" मी म्हटलं.

"तुम्हाला या वयात थापा जमतात ना?"

वर्गातून आली की ती मलाच शिकवायला बसे. "अहो, नकाशा म्हणजे एकच चित्र नव्हे. थर असतात. खाली जमीन, वर रस्ते, त्यावर घरं. कोटाला अस्तर लावतो तसं. कडा जुळल्या पाहिजेत. आणि प्रत्येक ठिपक्यामागे माहिती: घर कुणाचं, दार कुठल्या बाजूला."

मग फोन घेऊन ती दारोदार हिंडली. प्रत्येक उंबऱ्याशी थांबून अक्षांश-रेखांश टिपले. सगळे ठिपके कॉम्प्युटरवर चढवले, आणि आमची अख्खी गल्ली जाऊन पडली भर समुद्रात!

मी लगेच कोपऱ्यावरच्या न्हाव्याला सांगून आलो, की आमच्याकडे आता सकाळी देवमासा विरजण मागायला येतो.

हिला मात्र हसू येईना. चाचणी दुसऱ्याच दिवशी होती.

"अगं, तुझ्या वर्गाच्या बाईंना फोन कर."

"चुकीची शिवण माझी आहे, मीच उसवणार."

पडद्याकडे बघता बघता तिने एकदम कपाळावर हात मारला. "अहो, रकाने उलटे लावलेत! अक्षांशाच्या जागी रेखांश. छातीचं माप उंचीला लावलं, मग सदरा जाणार कुठे?"

रकाने बदलले, तशी घरं पाण्यातून उठून रस्त्याच्या कडेला टाक्यांसारखी ओळीने बसली.

चाचणीला खोटा रुग्ण हवा होता. खोटं म्हटल्यावर गल्लीने एकमताने माझं नाव सुचवलं. मी पलंगावर आडवा झालो.

"आजोबा, ड्रायव्हरला रस्ता कुणीही सांगायचा नाही," बाईंनी बजावलं. "तुम्ही तर मुळीच नाही."

ही दारात उभी होती, पदराचं टोक मुठीत आवळून. गाडीचा आवाज एका वळणावर आला, दुसऱ्या वळणावर बुजला, पुन्हा आला. आणि हॉर्न वाजला तो थेट आमच्या उंबऱ्याशी! शेजारचे काका टाळ्या वाजवत बाहेर आले. हिने मूठ सोडली.

ड्रायव्हर आत आला. "आजोबा, काय होतंय?"

"छाती फुगलीय."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून. आज जरा जास्तच."

हिने वळून माझ्याकडे पाहिलं. एवढं मात्र तिने खरं मानलं.