कासियानची काठी, बुर्गीचे शिखर

मित्रांनो, मी डोंगर चढणारी एक जुनी काठी आहे. खरे तर चढणारी नव्हे, चढवणारी. पण आयुष्यभर माणसांच्या एक पाऊल पुढे राहून वाट चाचपली आहे, तेव्हा एवढी फुशारकी मला माफ असावी.

माझा जन्म तिरोल नावाच्या डोंगराळ प्रांतातल्या फाल्झेन खोऱ्यात, ओढ्याकाठच्या चिवट लाकडाच्या ॲशच्या झाडावर झाला. तिथे वेन्डेलिन नावाचा एक म्हातारा गवताची दाताळी आणि कोयत्यांचे दांडे बनवत असे. ऐन हिवाळ्यात त्याने मला तोडले, सावलीत वाळवले, वाफेवर धरून सरळ केले आणि पोटभर जवसाचे तेल पाजले. खालच्या टोकाला लोखंडी आर ठोकली. मग मला उंबऱ्यावर आपटून तो म्हणाला, "वाजते छान. वाकेल, पण मोडायची नाही."

मला न्यायला कासियान आला होता. तो खोऱ्यातला वाटाड्या. उंच, हाडकुळा, आणि हसला तरी ते मिशीतच राहायचे. त्याच्याबरोबर मी किती शिखरे पाहिली! ताज्या बर्फाची खोली मी मोजायची, ओढ्यातला दगड डुगडुगतो की पक्का आहे ते मी सांगायची. एकदा एका पाहुण्या बाईंचा पाय मुरगळला, तेव्हा मला आणि दुसऱ्या एका काठीला कोट बांधून त्याची डोली केली. खाली उतरल्यावर त्या बाईंनी कासियानचे आभार मानले आणि माझा पापा घेतला. कासियानला त्याचे थोडे वाईट वाटले असावे.

पुढे कासियानचे केस पांढरे झाले, आणि एक गोष्ट सगळ्यांच्या आधी माझ्या लक्षात आली. पूर्वी तो माझ्यावर नुसता भार टाकत असे. आता पाऊल टाकण्याआधी तो मला विचारू लागला. टक. इथे दगड आहे का? टक. इथे पायरी संपली का? त्याच्या डोळ्यांपुढे जग हळूहळू दुधाळ होत चालले होते. हे त्याने कुणालाच सांगितले नाही, बायको ओटीलीलासुद्धा नाही. वाटाड्याला दिसत नाही म्हटल्यावर त्याने करायचे तरी काय? त्या उन्हाळ्यात त्याने एकाही पाहुण्याला वरच्या धारेवर नेले नाही. कुणी विचारले, की म्हणायचा, "गुडघा दुखतोय."

डोंगराच्या अर्ध्या उंचीवर गिर्यारोहकांसाठी एक विसावाघर होते. तिथला स्वयंपाक बुर्गी करायची. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, मोठ्या आवाजाची. तिच्या चुलीमागच्या खिडकीतून राबेनकोगेलचे शिखर दिसे. रोज लोक तिच्या हातचे जवाचे सूप पिऊन तिकडे जात आणि संध्याकाळी तिच्याच हातचे पावाचे उकडलेले गोळे खात त्या शिखराचे गोडवे गात. बुर्गी मात्र कधी वर गेली नव्हती. उन्हाळ्यात तिला उसंत नसे आणि हिवाळ्यात वाट बंद.

त्या सप्टेंबरात शेवटचे पाहुणे गेले. बुर्गीने ॲप्रन खुंटीला अडकवला आणि कमरेवर हात ठेवून ती कासियानसमोर उभी राहिली.

"उद्या मला वर ने."

"तुला? वर कुणाला भूक लागलीय?"

"मला लागलीय. वर जायची."

"गुडघा दुखतोय गं माझा."

"काल तर दोन पायऱ्या एकदम उतरलास! तो गुडघा होता की डोळे?"

बुर्गी त्याच्यासमोर बाकावर बसली.

"सकाळपासून कॉफीत मीठ घालून पितोयस, आणि वर छान झालीय म्हणतोस. मला वेडी समजतोस का?"

"कुणाला सांगणार आहेस?" त्याने हळूच विचारले.

"सांगायचं असतं तर कधीच सांगितलं असतं. हे बघ, वाट तुला पाठ आहे आणि डोळे मला आहेत. दोघांचं मिळून एक धड माणूस होतंय का बघू."

कासियान बराच वेळ मला बोटांनी चोळत राहिला. मग म्हणाला, "बूट चांगले घाल. त्या स्वयंपाकघरातल्या सपाता नकोत."

सकाळी आम्ही निघालो. कमरेला दोर बांधून बुर्गी पुढे, कासियान आणि मी मागे.

"डावीकडे म्हातारीच्या नाकासारखा एक खडक दिसतोय का?" त्याने विचारले.

"कुठल्या म्हातारीच्या?"

"ओटीलीच्या आईच्या."

"हां, दिसला दिसला! बाई गं, मस्सासुद्धा आहे!"

"मग तिच्या उजव्या अंगानं चल. डावीकडे सुट्या दगडांचा घसारा आहे."

अशी आमची वरात हसत हसत चालली होती. पण धारेवर पोचलो आणि खालून धुके उसळून आले. बघता बघता सगळे पांढरे झाले. बुर्गी जागच्या जागी थांबली. तिने दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"कासियान, मला काहीच दिसत नाहीये."

"मला तर सकाळपासून दिसत नाहीये," तो म्हणाला. "सरक. आता मी पुढे होतो."

आणि मित्रांनो, त्या धुक्यात माझा कासियान पुन्हा पूर्वीचा वाटाड्या झाला! डोळे असणाऱ्याला धुके नवे होते, त्याला ते रोजचेच होते. तो मला पुढे टेकवायचा, कान द्यायचा आणि मगच पाय टाकायचा. खडकावर मी खणखणीत वाजे, घट्ट बर्फावर करकरे. टण. कर्र. टण. कर्र. आणि एकदा मी टेकले, तर काहीच वाजले नाही. मी नुसती आत शिरत गेले.

कासियानने मला हिसडून मागे घेतले आणि तो पाठीमागे बुर्गीच्या अंगावरच कोसळला. आमच्या पुढ्यातला बर्फाचा पोकळ छज्जा आवाज न करता तुटून गेला. खूप वेळाने खालून कुठून तरी धप्पकन आवाज आला.

"खाली काय आहे रे?" बुर्गीने विचारले.

"काही नाही. तीच तर भानगड आहे."

दोघे तसेच बर्फात बसून राहिले. मग कासियान म्हणाला, "वाट खडकाच्या अंगाला आहे. मीच दोन हात बाहेर गेलो होतो. आता परत फिरायचं की पुढे, ते तू सांग. तू फीर म्हणालीस तर मी फिरतो. रुसणार नाही."

बुर्गीने नाक शिंकरले. "कितीसं राहिलंय?"

"तुझं सूप उकळायला लागतो तेवढा वेळ."

"मग चल. पण खडकाला चिकटून."

शिखरावरचा लाकडी क्रूस हाताला लागला, तेव्हाच आम्हाला कळले की पोचलो. चारी बाजूंना पांढरे धुके. बुर्गीने इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि मोठमोठ्याने हसू लागली.

"आयुष्यभर वाट बघितली, आणि वर येऊन बघते तर काय, माझ्याच पातेल्याची वाफ!"

दोघांनी क्रूसाला पाठ टेकून काळा पाव आणि खारवलेले मांस खाल्ले. तेवढ्यात वारा सुटला. धुके फाटले आणि सगळे खोरे पायाखाली उघडले. बुर्गी उठून उभी राहिली. तिच्या हातातला घास हातातच राहिला.

"बोल की," कासियान म्हणाला. "एरवी तर तोंड बंद होत नाही. काय दिसतंय?"

"आपल्या विसावाघराचं धुराडं दिसतंय. शिवणातल्या अंगुस्तानाएवढं आहे, बघ. मी त्या अंगुस्तानात आयुष्य काढलं, कासियान! ओढा दिसतोय, चर्चचा कळस दिसतोय. आणि तुझं घर. गॅलरीच्या कठड्यावर ओटीलीनं लाल रजई वाळत टाकलीय."

"लाल? ती तर आमच्या लग्नातली."

"तीच असेल."

कासियान खोऱ्याकडे तोंड करून बसला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले आणि त्याने ते पुसलेही नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बुर्गी, खाली गेल्यावर मी ओटीलीला सगळं सांगतो."

त्याने खरोखरच सांगितले. ओटीली आधी रडली, मग चिडली, मग तिने त्याचे सामान भरले आणि ती त्याला इन्सब्रुक शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. मोतीबिंदू काढल्यावर जाड भिंगांचा चष्मा लावून तो घरी आला. बायकोकडे निरखून बघत म्हणाला, "ओटीली, तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तू डोंगरात होतास तेव्हा!" ती म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा मी कासियानला दात दाखवून हसताना पाहिले.

त्यानंतर त्याने मला बुर्गीला दिले. दर सप्टेंबरात ती मला घेऊन निघायची आणि बरोबर खोऱ्यातल्या बायका असायच्या. कुणी चीज बनवणारी, कुणी पोस्टातली, कुणी पाद्र्याचे घर सांभाळणारी. सगळ्यांनी जन्मभर खालून पाहिलेले ते शिखर आता वरून पाहिले. ते माझे सर्वांत गमतीचे दिवस.

पण माणसांचे गुडघे थकतात. बुर्गीचेही थकले. बाजारात घडी घालता येणाऱ्या हलक्या धातूच्या काठ्या आल्या आणि मी परसात गेले. आधी कपड्यांच्या दोरीला टेकू झाले, मग कोंबड्यांच्या दाराला अडसर, शेवटी घेवड्याच्या वेलाचा आधार. पावसाने माझे तेल धुऊन नेले. अंगाला चिरा पडल्या. आर गंजली. माणसाचा हात कसा ऊबदार असतो, हेही मी विसरत चालले होते.

एके दिवशी बुर्गीची भाची आफ्रा परसात आली. हल्ली विसावाघर तीच चालवते.

"मावशी! ही राबेनकोगेलला जाणारी काठी ना? आणि तू हिच्यावर शेंगा चढवतेस?"

"शेंगांनासुद्धा वर जायचं असतं गं," बुर्गी म्हणाली खरी, पण तिचा चेहरा पडला. तिने स्वतःच वेल सोडवला. मग दोघींनी मिळून मला घासले, चिरा बुजवल्या, जवसाचे तेल चोळले, नवी आर बसवली. त्या दिवशी मी इतके तेल प्याले, की रात्रभर माझ्या अंगाला घमघमाट येत होता!

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणी कोपऱ्यात उभे असेल. छत्री असेल, पाटा असेल, सायकल असेल. त्यांना भिंतीवर टांगून नुसते नमस्कार करू नका. गंज काढा, तेल द्या आणि कामाला लावा. आम्हा जुन्यांना आराम नको असतो. आम्हाला बोलावणे हवे असते.

आता रजा घेते. बाहेर आफ्राने दार उघडले आहे, उन्हात बर्फ लखलखते आहे आणि पहिल्यांदाच डोंगर चढणारी एक आजीबाई विचारते आहे, "मला काठी मिळेल का हो?"