भरलेली शाळा

बाप घरसामान हलवायच्या धंद्यात होता. ट्रक स्वतःचा, हाताखाली दोन माणसं, आणि गावातली निम्मी कपाटं आपल्याच खांद्यावरून जिने चढली-उतरली असा त्याचा दावा. कुठलंही दार दिसलं की त्यातून काय जाईल आणि काय अडेल याचा हिशेब डोक्यात सुरू व्हायचा, पाहुणा म्हणून गेला असला तरी. त्यामुळे लेकीसाठी माध्यमिक शाळा शोधायची वेळ आली तेव्हा हे काम आपलंच, असं त्याने कुणाला न विचारता ठरवून टाकलं.

लेक अकरा वर्षांची, व्हीलचेअर वापरणारी आणि तोंडाने फटकळ. घरात सगळे तिला आजीबाई म्हणत, कारण बोलायला शिकली तीच मुळी उपदेश करत. तिची प्राथमिक शाळा घराच्या कोपऱ्यावर होती. बैठी इमारत, शिपायापासून बाईंपर्यंत सगळे ओळखीचे. ती शाळा आता संपत आली होती आणि पुढे ओळखीचं कुणीच नव्हतं. बापाला काळजी होती ती त्याचीच.

शाळा पाहायची त्याची एक रीत होती. शाळा सुटून सगळं सामसूम झालं की तो लेकीला घेऊन जायचा. जागा रिकामी असली तरच खरी दिसते, हे त्याचं धंद्यातलं शहाणपण. दुसरं कारण तो बोलून दाखवत नसे. भरल्या शाळेत सगळ्यांच्या नजरा पोरीकडे वळतील, ते त्याला बघवलं नसतं.

पहिल्या शाळेच्या दाराशीच पायऱ्या होत्या. तिथले कारकून म्हणाले, "त्यात काय एवढं? चार मुलं मिळून उचलतील की. आमची मुलं गुणी आहेत."

"मी सोफा आहे का?" आजीबाईंनी विचारलं. ती शाळा तिथेच बाद झाली.

दुसरी मात्र बापाच्या मनात भरली. नवी कोरी इमारत, लिफ्ट, रुंद दारं, गुळगुळीत फरशी. उतार मागच्या बाजूला होता, कचऱ्याच्या डब्यांच्या अंगाने, पण होता. लिफ्टची किल्ली ऑफिसात असायची. मधल्या सुट्टीत लेकीने एका वेगळ्या खोलीत बसायचं, सोबतीला मदतनीस बाई. "त्या धक्काबुक्कीत तिला कशाला पाठवायचं?" तिथले सर म्हणाले, आणि बापाला अगदी आपल्या मनातलं बोलल्यासारखं वाटलं. तळहाताच्या फोडासारखी जपतील हे लोक. त्याने जवळजवळ होच म्हणून टाकलं. सर म्हणाले, आठवडाभरात नक्की कळवा, जागा धरून ठेवतो.

घरी येईपर्यंत लेक एक शब्द बोलली नाही. तिच्या बाबतीत हे तापापेक्षा काळजीचं लक्षण होतं.

"काय गं, आवडली नाही?" आईने विचारलं. आई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती, लहान पोरांना बोलतं ठेवून सुई टोचण्यात तिचा हातखंडा.

"काय आवडणार? कोणी नव्हतंच तिथे." लेकीने बापाकडे मान वळवली. "बाबा, तू घरं रिकामी बघतोस, कारण सामान तू नंतर आणणार असतोस. शाळेत मुलं कोण आणणार? ती आधीच असतात ना."



"घ्या," आई म्हणाली. "आजीबाईंनी निकाल दिला." तिने दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या शाळेत फोन केला आणि मधल्या सुट्टीच्या जरा आधीची वेळ मागून घेतली. बाप दोन दिवस धुसफुसत होता.

तिसरी शाळा जुनी होती. भिंतींचा रंग उडालेला, पण उतार थेट मुख्य दारापुढे होता, आणि तो इतका झिजलेला की पायऱ्या कुणी वापरतच नसेल. या वेळी आईही आली होती, आणि मुख्याध्यापिका बाई स्वतः तिघांबरोबर फिरल्या. लेकीचा वर्ग दरवर्षी तळमजल्यावर ठेवू, म्हणाल्या. प्रयोगशाळा खालीच होती. टॉयलेट ऐसपैस, भिंतीला धरायला दांड्या, दार बाहेर उघडणारं. बापाने ते दार तीनदा उघडून मिटून पाहिलं आणि खोट सापडली नाही म्हणून थोडा हिरमुसला.

"वाचनालय वर आहे," बाई आपणहून म्हणाल्या. "लिफ्ट नाही आमच्याकडे. या उन्हाळ्याच्या सुट्टीत ते खाली हलवायचंय. मी तसं लेखी देते, पण आज ते वरच आहे."

बाप मनातल्या मनात वजाबाकी करत होता तेवढ्यात घंटा झाली.

सगळे वर्ग एकदम बाहेर फुटले. डबे, आरडाओरडा, कुणाची तरी चप्पल हवेत. बापाने व्हीलचेअरच्या मुठी घट्ट धरल्या.

"बाबा, हात," लेक म्हणाली.

त्याने हात काढले. नाइलाजाने काढले, पण काढले.

काही पोरांनी वळून पाहिलं. एकाने तर तोंडात घास तसाच ठेवून पाहिलं. मग ती आपापल्या उद्योगाला लागली. लेकीला पाणी प्यायचं होतं. नळ व्हरांड्याच्या टोकाला होते आणि तिथे मुलांची लांबलचक रांग होती. ती सरळ पुढे गेली आणि पहिल्या नळाला हात घातला. त्यात उद्धटपणा नव्हता हो. आजवर ती जिथे गेली तिथे रांग आपोआप दुभंगायची, आणि नाही दुभंगली तर मागून बाप "जरा बाजूला, बाजूला" म्हणत यायचा, कपाट नेताना ओरडतात तसा. रांगेला शेपूट असतं हे तिला ऐकूनच माहीत.

"ए," नळापाशी उभी असलेली, दात पडलेली एक मुलगी म्हणाली, "रांग दिसत नाही का? मागे जा."

बापाच्या कानशिलावरची शीर ताडकन उडाली. तो दोन ढांगांत पोहोचलाच असता, पण आईने त्याची बाही पकडली.

"अहो, थांबा."

"अगं, ती बघ काय बोलतेय—"

"ऐकलं मी. तुम्ही पोरीकडे बघा."

पोरगी लाल झाली होती. तिने नळावरचा हात काढला, खुर्ची वळवली आणि रांगेच्या कडेकडेने मागे जायला निघाली. बापाचा जीव तीळतीळ तुटत होता. शेवटच्या मुलामागे ती थांबली. रांग सरकली की ती सरकायची. पुढच्या मुलाने वळून काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, आणि तो पोट धरून हसला. काय बोलली कोण जाणे, पण उपदेशच असणार.

तिचा नंबर यायच्या आत सुट्टी संपली. घंटा झाली, रांग मोडली, सगळे कुरकुरत वर्गाकडे पळाले. ती परत आली तेव्हा तिचे गाल अजून लाल होते.

"पाणी मिळालं नाही ना तुला," बाप म्हणाला. "बोलू का बाईंशी? तुझ्यासाठी वेगळं—"

"नको." ती घाईघाईने म्हणाली. "कितीतरी जणांना मिळालं नाही. पुढच्या वेळी लवकर जायचं, एवढंच." मग जरा थांबून, कुणाला गुपित सांगावं तशा हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, माझ्यामागे पण दोघंजण उभे होते."

आई दुसरीकडे बघायला लागली. बापाने खिशातून फोन काढला आणि त्या लिफ्टवाल्या शाळेच्या सरांना लावला. "सर, ती धरून ठेवलेली जागा दुसऱ्या कुणाला द्या," तो म्हणाला.