वाढत्या अंगाची सायकल

टेलरबाईंनी लहान मुलाला नेमक्या मापाचं कधी काही शिवून दिलं नव्हतं. आज शर्ट अंगावर कसा दिसतो यापेक्षा तो पुढच्या वर्षीही होतो की नाही, हे त्यांच्या लेखी महत्त्वाचं. बाह्या बोटांपर्यंत, पँट दुमडून दुमडून वर घेतलेली. त्यांच्या कृपेने गल्लीतली अर्धी पोरं थोरल्या भावाचे कपडे पळवून आणल्यासारखी दिसायची आणि त्यांच्या आया खूश असायच्या.

त्यामुळे भिंगरीच्या मावशीने पाठवलेली छोटी सायकल खोक्यातून बाहेर आली, तेव्हा बाईंनी पाना घेऊन आधी तिची सीट चांगली वर चढवली. पोर काय, बघता बघता वाढेल. सायकलला पेडलच नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं ते त्यानंतर.

"पेडल द्यायचे विसरले वाटतं," त्या म्हणाल्या.

"तशीच असते. पायाने ढकलायची," भिंगरी म्हणाली. त्या दिवशी तिच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात मोठं भाषण.

भिंगरी चार वर्षांची. नाव पडलं तेव्हा ती एका जागी ठरत नसे म्हणे. मग आई आजारपणात गेली. काही काळाने बाबांनी टेलरबाईंशी लग्न केलं आणि ते पुन्हा ट्रक घेऊन लांबच्या फेऱ्यांना लागले. घरात उरल्या या दोघी. पोरगी दिवसभर शिलाई मशीनशेजारी कापडाच्या गठ्ठ्यावर बसून असायची. रडणं नाही, हट्ट नाही. बाईंना हाकही नाही. काही हवं असलं की जवळ येऊन नुसती उभी राहायची.

मावशी म्हणजे भिंगरीच्या आईची थोरली बहीण, दुसऱ्या गावात बालवाडी चालवणारी. लग्नातच तिने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "सुट्टी लागली की मी येणार. पोर रमली असेल तर आनंदच आहे. नसेल तर मी घेऊन जाईन." बाबांनी मान डोलावली. बाईंनीही डोलावली, कारण तेव्हा भिंगरी त्यांच्यासाठी फक्त नवऱ्याची मुलगी होती. आता तसं राहिलं नव्हतं. आता पोर गठ्ठ्यावर झोपली की बाई मशीन बंद करून हातशिलाई काढून बसायच्या आणि गिऱ्हाईक ओरडलं तर त्यालाच गप्प करायच्या.

आणि सुट्टी तोंडावर आली होती.

सायकलचं काही जमेना. बाई सीट मागून गच्च धरायच्या, "मी आहे ना, चल!" म्हणायच्या आणि सायकल एका बाजूला कलायची. भिंगरीचे जेमतेम चवडे टेकायचे.

"पाय पुरत नाही," ती म्हणाली.

"पुरेल गं, वाढशील की!"

दुसऱ्याच दिवशी गुडघा फुटला. भिंगरीने सायकल दाराआड नेऊन ठेवली आणि पुन्हा गठ्ठ्यावर जाऊन बसली. मावशी येऊन हेच बघणार आणि पोर घेऊन जाणार, हे बाईंना दिसायला लागलं. सायकल चोरीला गेली म्हणून सांगावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. पण दुपारी त्यांनी पाहिलं, तर पोरगी दाराआड उभी राहून सायकलची मूठ हळूच कुरवाळत होती.

बाईंनी मावशीलाच फोन लावला.

"ताई, ती बसत नाहीये सायकलवर. पडली. आता घाबरते. मला नाही जमत हो." शेवटचं वाक्य म्हणजे आपल्याच तोंडाने आपल्याविरुद्ध साक्ष होती. पण बोलून तर गेल्या.

मग मावशीने विचारलं, "टाचा टेकतात का तिच्या?"

"चवडे टेकतात."

"सीट कुणी वर केली?"

"मीच. म्हटलं, वाढत्या अंगाची असलेली बरी."

मावशी खो खो हसली. "अहो, सायकल आहे ती, फ्रॉक नव्हे! पाय पुरते जमिनीवर असले की पोरं आपणहून उचलतात. आणि मागून धरू नका. तुम्ही धरलंत की तोल तुम्ही सांभाळता, ती कशाला सांभाळेल? मीही आधी बालवाडीत सीट धरून पळायचे. पोरं काही शिकली नाहीत, माझी कंबर मात्र गेली."

फोन ठेवला तेव्हा बाईंचे डोळे भरून आले होते. जिने काहीच न सांगता नुसती वाट पाहिली असती तरी पोर तिलाच मिळाली असती, तिने सगळं सांगून टाकलं होतं. अशी माणसं वाट्याला येतात, याचं त्यांना नवल वाटलं.

त्यांनी भिंगरीला उभं केलं, टेपने पायाचं माप घेतलं आणि त्यात काहीही न वाढवता सीट खाली आणली. भिंगरी बसली. दोन्ही टाचा तिने जमिनीवर आपटून पाहिल्या, पुन्हा आपटल्या आणि सायकलवर बसूनच चालायला लागली. मग ढांगा लांबल्या. "धरू नकोस," ती पुढे बघतच म्हणाली. बाईंचे हात सीट पकडायला नुसते शिवशिवत होते. शेवटी त्यांनी ते पाठीमागे एकमेकांत अडकवले आणि कैद्यासारख्या मागून चालत राहिल्या.

मावशी आली तेव्हा दोघी गल्लीतच होत्या. तिच्या हातात एक मोठी, हलकी बॅग होती. कुणाचे कपडे भरायला ती आणली आहे, हे बाईंना विचारावं लागलं नाही. गल्ली पुढे जरा उतरती होती. तिथे भिंगरीने दोन्ही पाय उचलले आणि खिदळत थेट मावशीच्या दिशेने गेली. इतकं मोठ्याने ती हसते, हे बाईंना माहीतच नव्हतं. त्या जागीच थांबल्या. आता मावशी-भाचीच्या मध्ये आपण कशाला, असं त्यांना वाटलं.

मावशीने बॅग खाली टाकून हात पसरले. पण तिच्यापाशी पोचायच्या आतच भिंगरीने पाय टेकले. मागून पावलांचा आवाज येत नव्हता. तिने वळून पाहिलं.

"धरू नकोस म्हटलं तर लगेच जातेस काय गं?" ती ओरडली. "मागे राहा ना!"

मावशीचे पसरलेले हात खाली आले. ती भिंगरीकडे बघत राहिली, मग बाईंकडे. बाई कशाबशा पुढे आल्या.

"ताई, तुमचे उपकार मी..."

"उपकाराचं नंतर बघू," मावशी डोळे पुसत म्हणाली. "आधी पळ. ती तुझ्यासाठी थांबलीये."

टेलरबाई पळत सुटल्या.